वर बघणारी माणसं

त्या माणसाने काळा चष्मा काढून खिशात ठेवला तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवतीची कातडी उरलेल्या चेहऱ्याहून कितीतरी गोरी आहे, हे डॉक्टर यिन मोनला दिसलं आणि तिने त्याचा काहीच अर्थ लावला नाही. मंडालेच्या उन्हात रापलेली माणसं ती दिवसभर बघायची; कुणाचं कपाळ टोपीखाली गोरं, कुणाचे गाल थानाखाच्या, म्हणजे उगाळलेल्या सालीच्या, लेपाखाली. डिसेंबरातली दुपार होती. समोरच्या चहाच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने खाकरत होतं. भूकंपात भिंतीला गेलेली भेग झाकायला लावलेलं कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होतं. तिने खुर्ची मागे झुकवली, दिवा ओढून त्याच्या तोंडावर आणला आणि आ करायला सांगितलं. खालची डावी दाढ वरून पोखरलेली होती, पण मुळाशी चांगली भक्कम. अशी दाढ दिसली की तिला आतून बरं वाटायचं. वाचवता येण्याजोगं काहीतरी समोर आलं की हात आपोआप शहाणे होतात. किती दिवस दुखतंय, असं तिने विचारलं.

"खाली असलो की विशेष नाही, सयामा," तो म्हणाला. तिकडे मास्तरीणबाई काय आणि डॉक्टरीणबाई काय, दोघींना सयामाच म्हणतात. "खाली ठणकतं, पण सोसतं. वर गेलं की वारं लागतं. उघड्यावर बसायचं, समोर काच एवढीशी. सकाळच्या थंडीत असं होतं की डोक्यात कुणीतरी खिळा ठोकतंय. परवा तर हातातला दांडा सुटायचाच बाकी होता."

"वर म्हणजे? डोंगरावर का?" मदतनीस मा केथीने कापूस पुढे करत विचारलं. ती बोलता बोलता पेशंटची भीती घालवायची, तिची सवयच होती.

"डोंगरावर कशाला? वर म्हणजे वर." त्याने बोट छताकडे केलं आणि हसला. "मेजरसाहेबांच्या बायकोने तुमचा पत्ता दिला. म्हणाल्या, सयामांचा हात हलका आहे."

यिन मोनने पुन्हा त्याच्या तोंडात घातलेला आरसा तसाच राहिला. गॉगल. डोळ्यांभोवतीचा तो गोरा पट्टा मोठ्या, घट्ट बसणाऱ्या गॉगलचा होता. आणि हनुवटीखाली जी फिकट रेघ तिने मघाशी पाहून न पाहिल्यासारखी केली होती ती हेल्मेटच्या पट्ट्याची होती. तिला एकदम वाटलं की आपण हे आधीच ओळखलं होतं, दारातून तो आत आला तेव्हाच, त्याच्या कपड्यांना येणाऱ्या पेट्रोलच्या वासावरून. पण इतकी वर्षं या शहरात राहून ओळखलेलं न ओळखण्याची सवय अंगात मुरली होती. इथे सगळे तसंच करत होते. लष्कराने राज्य हातात घेतलं, नदीपलीकडची गावं बंड करून उठली, लष्कराने ती जाळायला सुरुवात केली, आणि अलीकडे शहरात लग्नं होत राहिली, मोहिंग्याच्या, माशाच्या रश्शातल्या शेवयांच्या, गाड्यांवर सकाळी गर्दी होत राहिली, मेजरांच्या बायका दात साफ करून घ्यायला येत राहिल्या. तिने त्यांचेही दात साफ केले होते. पेशंट म्हणजे पेशंट. हे वाक्य ती स्वतःशी इतक्यांदा बोलली होती की त्याला आता कसली चवच उरली नव्हती. आज तिने ते स्वतःशी पुरं केलं नाही.

हा माणूस उडवत होता त्या यंत्राला तिच्या गावाकडे उडती तीनचाकी म्हणायचे. पहिल्यांदा दिसलं तेव्हा लोक हसले होते म्हणे. खाली तीन चाकं, एका मागे एक दोन खुर्च्या, पाठीमागे एक इंजिन आणि डोक्यावर आपोआप गरगरणारं पातं. मालाची तीनचाकी कुणीतरी पतंगाला बांधून सोडल्यासारखी. यिन मोनच्या आईने फोनवर सांगितलं होतं, तेव्हा अजून फोन लागत होते, की आपल्याकडे इन झाडाचं बी गरगरत खाली येतं ना, तसं ते येतं बघ, इंजिन बंद केलं तरी पडत नाही, पातं वाऱ्यावर फिरत राहतं आणि ते तरंगत तरंगत उतरतं. लहानपणी यिन मोनने त्या बिया मठाच्या जिन्यावरून शेकड्यांनी सोडल्या होत्या. दोन पंखांचं तपकिरी बी, सोडलं की भिंगरी. ओन आत्या खालून ओरडायची, "अगं भवाने, केस विंचरलेत मी, कचरा टाकू नकोस डोक्यावर!" आणि तरीही जिन्याखालून हलायची नाही. जेट विमानं आली की गावाला आधी कळायचं, आभाळ फाटल्यासारखा आवाज यायचा, लोक खंदकात उतरायचे. पण जेट महागाचं. जेटला तेल लागतं, ते परदेशातून यावं लागतं, जगभरातले लोक ते विकायला नाही म्हणतात. या तीनचाकीला पंपावरचं पेट्रोल चालतं, आणि मागच्या खुर्चीतला माणूस मांडीवर तोफगोळा घेऊन बसतो आणि हाताने सोडतो, नारळ खाली टाकावा तसा.

ओन आत्या, म्हणजे दॉ ओन क्यिंग, वडलांची धाकटी बहीण, गावी, तनौंगगोनमध्ये, शेंगदाण्याच्या तेलाचा घाणा चालवायची. बैलांना शिव्या द्यायची, गिऱ्हाइकांना शिव्या द्यायची, भिक्खूंसमोर तेवढी गप्प बसायची आणि बाहेर आल्यावर ती कसर भरून काढायची. यिन मोन दंतवैद्यक शिकून पहिल्यांदा गावी आली तेव्हा आत्याने सगळ्या गावासमोर जबडा उघडून दाखवला होता. "बघ, तुझ्यासाठी सगळे कुजवून ठेवलेत, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही." यिन मोनने तिचे उरलेले दात काढले आणि वरची-खालची कवळी स्वतःच्या हाताने करून दिली, आत्याच्या आग्रहाखातर पुढचे दोन दात जरा जास्तच पांढरे. पावसाळा संपल्यावर भिक्खूंना चीवर अर्पण करतात, त्यासाठी बायका एका रात्रीत वस्त्र विणून पुरं करतात. यंदा त्या विणकामाच्या संध्याकाळी गावातल्या बायका मठाच्या अंगणात माग मांडून बसल्या होत्या. तिन्हीसांजेला ते आलं. आवाज लांबूनच आला, लाकूड कापायच्या करवतीसारखा, सगळ्यांनी दिवे विझवले, चुली विझवल्या, चिंचांच्या खाली जाऊन बसल्या. आवाज बराच वेळ घिरट्या घालत होता. मग थांबला. थांबला म्हणजे गेला, असंच कुणालाही वाटेल. आत्या उठली, म्हणाली, "गेला एकदाचा मुडदा, चला, सूत तुटलं नाही ना बघा," आणि दिवा लावून पुन्हा मागावर बसली. तिच्या मागोमाग बाकीच्याही बसल्या. आईने हे सांगितलं तेव्हा आईचा आवाज अगदी सपाट होता. गेला नव्हता गं. वरती इंजिन बंद करून तरंगत खाली येत होता. यिन मोन वाटेतले नाके ओलांडत गावात पोचली तोवर सगळं दहन करून झालं होतं, फक्त कोण कुठलं ते ठरवताना काढून ठेवलेल्या वस्तू मठाच्या ओट्यावर एका चादरीवर मांडल्या होत्या. कुणी तिला काही विचारलं नाही. तिनेच वाकून ती वरची कवळी उचलली. पुढचे दोन दात जास्त पांढरे होते. बऱ्याच गावकऱ्यांनी मान डोलावली, म्हणजे तसं असेल तर ती ओन.

"सयामा?" खुर्चीतला माणूस म्हणाला. आरसा तोंडात असल्याने ते "अआआ" असं काहीतरी ऐकू आलं. तिने आरसा बाहेर काढला. तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावत थांबला, दिवा विझला, आणि दारातून येणाऱ्या उजेडात त्याचा चेहरा एकदम साधा दिसू लागला. पस्तिशीचा, गालावर जुन्या देवीसारखे दोन व्रण, कानात मळ. मा केथी जनरेटर सुरू करायला मागे गेली. त्याने नाव सांगितलं, झेया पाइंग, को झेया म्हणतात. पूर्वी समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना पॅराशूटने उडवायचं काम करायचा, पर्यटक संपले, मग हे. बोलका माणूस होता. दुखणारी माणसं बोलतात, आणि मेजरांच्या बायकोचा दातांचा डॉक्टर म्हणजे आपलाच माणूस, असं त्याने धरून चाललं होतं.

"कसं असतं?" यिन मोनने विचारलं. आपला आवाज आपला वाटत नाही, हे तिला ऐकू आलं.

"मजेचं काम आहे, खोटं कशाला बोलू. मोटरसायकलीसारखं. मशीन इतकं स्वस्त की पडलं तरी कुणी रडत नाही." तो हसला आणि दाढ झोंबल्याने गाल धरला. "आमच्यावरही रडत नाहीत म्हणा."

"वरून माणसं दिसतात?"

"दिसतात की."

"मुंग्यांसारखी."

"छे हो. जेटवाल्यांना दिसत असतील मुंग्यांसारखी. आम्ही कुठे तेवढे वर जातो? माणसांसारखीच दिसतात. बाई कुठली, पुरुष कुठला, डोक्यावर काय घेतलंय, सगळं." त्याने जीभ दाढेवरून फिरवली. "वर बघतात ना ती. पळायचं सोडून वर बघतात."

"मग?"

"मग काय. सोडायचं काम मागच्याचं. मी फक्त चालवतो."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की तिला क्षणभर वाटलं, हा आता याच सुरात बाहेर किती गरम होतंय ते सांगेल. मागे जनरेटर धडधडून सुरू झाला. ती धडधड ऐकून तिने दारातून आभाळाकडे पाहिलं. तिला राग आला होता हे तिला आत्ता कळलं, आणि तो आजचा नव्हता. ओट्यावरच्या चादरीपासून तो कुठेतरी आत गोठून बसला होता आणि ती त्याला दुःख म्हणत आली होती. सगळे त्याला दुःखच म्हणायला शिकवत होते. भिक्खू म्हणाले, मन शांत ठेव. शेजारीण म्हणाली, कर्माचे भोग. मा केथी म्हणाली, "सयामा, जेवून घ्या." कुणी म्हणालं नाही की चीड. आणि हा माणूस खुर्चीत पाय पसरून बसला होता, त्याच्या पायातली चप्पल नवी होती, आणि तो मला फक्त चालवायचं असतं म्हणत होता. मी पण फक्त दात साफ करते. मी फक्त भरते. तिला त्याच्याइतकाच स्वतःचा राग आला, मग लक्षात आलं की हीदेखील एक पळवाटच आहे, स्वतःवर चिडलं की समोरचा सुटतो. नाही सुटायचा.

"भरून टाका पटकन," तो म्हणाला. "उद्या सकाळी निघायचंय."

"कुठे?"

"नदीपलीकडे. नेहमीचंच."

नदीपलीकडे तिची आई होती. दिवसा धूर दिसू नये म्हणून पहाटेच भात शिजवून ठेवणारी, देश सोडून जा म्हटलं तरी जाणार नाही असं म्हणणारी, शहरात आणली तर तिसऱ्या दिवशी परत गेलेली. उद्या सकाळी निघायचंय. दाढ भरली तर हा उद्या सकाळी निघणार, वारं झोंबणार नाही, दांडा घट्ट धरणार. यिन मोनने हातमोजे बदलले. मा केथी तिच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिला सयामाच्या पाठीवरूनही कळायचं. तिने हळूच मान हलवली, म्हणजे मुकाट्याने भरा आणि पाठवून द्या.

"ही काढावी लागेल," यिन मोन म्हणाली.

"काढावी? भरून नाही का..."

"मुळाखाली पू आहे. काढली नाही तर जबड्यात जाईल. आणि काढल्यावर पुढे दोन आठवडे वर जायचं नाही."

तो उठून बसला. "काय बोलताय सयामा! ते शक्य नाही."

"वरच्या हवेत जखमेवरची गाठ सुटते. रक्त थांबत नाही. तुम्हाला चक्कर येईल, तीही वर. मला काय, मी सांगायचं काम केलं. तुमच्या साहेबांना सांगू का?"

तो खरंच फोन लावेल असं तिला वाटलं नव्हतं. त्याने लावला आणि आवाज मोठा करून तिच्यापुढे धरला. पलीकडचा माणूस जेवत होता बहुधा. घास चावत बोलत होता. यिन मोनने सगळं पुन्हा सांगितलं, त्याच सुरात, एकही शब्द न अडखळता. खोटं बोलताना जीभ इतकी मोकळी चालते हे तिला माहीत नव्हतं. हे उघडकीला आलं तर दार फोडून लष्कराचे लोक येतील हेही तिला माहीत होतं, पण ते माहीत असणं लांब कुठेतरी होतं, दुसऱ्याच्या घरातल्या रेडिओसारखं.

"ठीक आहे, सयामा," तो आवाज म्हणाला. "काढा, काढा. माणसाची तब्येत महत्त्वाची. उद्या दुसऱ्याला पाठवतो."

"दुसरा आहे?"

"माणसं पुष्कळ आहेत हो. नवीन भरती झालीये ना. मशीनही पुष्कळ आहेत." आणि मग घास गिळून, अगदी आपुलकीने, "त्याला दुखणार नाही असं करा."

फोन बंद झाला. तिने भुलीचं इंजेक्शन भरलं. आता खोटं मागे घेता येत नव्हतं आणि त्याचा उपयोगही उरला नव्हता. एक दाढ वाया जाणार होती, एवढंच. कॉलेजात म्हातारे सर सांगायचे, वाचणारा दात काढणं म्हणजे माणसाचं बोट कापणं. तिने पक्कड घेतली. दाढ भक्कम होती, हाडाला धरून होती, येत नव्हती. तिने गुडघा खुर्चीच्या कडेला टेकवला आणि खांद्यातून जोर लावला, मुळं मोडली, ती एकेक करून उकरून काढावी लागली, तिच्या कपाळावरून घाम टपकत होता, मा केथी सक्शन धरून दुसरीकडे बघत होती. आणि त्या सगळ्या वेळात तो छताकडे बघत शांत पडला होता. एकदा तर त्याने अंगठा वर करून दाखवला, सगळं ठीक. त्याला काहीच जाणवत नव्हतं. या गोष्टीने तिला जो संताप आला तो तिला आयुष्यात कधी आला नव्हता. तिनेच सुईने ती सोय करून दिली होती, पण तिला वाटलं, ही भूल आधीपासूनची आहे, याला हिरडीपासून कानापर्यंत, कानापासून पार आत, कधीची कुणी देऊन ठेवलेली आहे, आणि मी कितीही जोराने उपटलं तरी हा अंगठाच दाखवणार. तिने टाके घातले. तो बधिर ओठांनी आभार मानून गेला.

"भरता आली असती," मा केथी खाली बघत म्हणाली.

"हो."

"सयामा, असं परत करू नका. माझ्या मुली आहेत."

यिन मोनने दाढेचे तुकडे ट्रेमधून कचऱ्यात ओतले. त्यानंतरचे दिवस ती कामं करत राहिली, पण शहर तिला सहन होईना. चहाच्या दुकानात लोक फुटबॉलवर पैजा लावत होते. एक बाई दातांना चकाकी हवी म्हणून आली, मुलाचं लग्न होतं. यिन मोनने तिला सांगितलं की आज मशीन बंद आहे, आणि मशीन तिच्यासमोर सुरू होतं. मोटरसायकल चढावर घुरघुरली की तिचा हात थांबायचा, आणि घुरघुर बंद झाली की ती दाराशी जाऊन वर बघायची. आवाजाचं भय वाटण्याऐवजी शांततेचं भय वाटणं, एवढं एक तिला गावाकडून मिळालं होतं. नदीपलीकडून भाजी आणणाऱ्या एका बाईने आईचा निरोप पोचवला, बरी आहे, गुडघे दुखतात, शेंगा चांगल्या आल्यात. निरोप कधीचा होता ते त्या बाईला सांगता आलं नाही.

टाके काढायच्या दिवशी को झेया वेळेवर आला. हातात चहाच्या पानांच्या लोणच्याचा भारीतला डबा होता. आत येताच त्याने चपला काढल्या, डबा टेबलावर ठेवला आणि यिन मोन काही बोलायच्या आत जमिनीवर गुडघे टेकून, हात जोडून, कपाळ फरशीला लावून तिला तीनदा नमस्कार केला. आईबापांना, भिक्खूंना, गुरूला करतात तसा. मा केथीच्या हातातला ट्रे वाजला.

"उठा. काय चाललंय हे?"

"तुम्ही मला दुसरा जन्म दिलात, सयामा." त्याचे डोळे खरोखर भरले होते. "त्या दिवशी माझ्या मशीनवर दुसऱ्याला पाठवलं. नवा होता, नीट शिकलाही नव्हता. नदी ओलांडून थोडं पुढे गेला आणि पातं गेलं. वरून दगडासारखा. मागे गोळे होते, ते सोडायच्या आधीच. दोघांचं काही सापडलं नाही. मशीन माझं होतं. खुर्ची माझी होती." त्याने गाल चाचपला. "मी इथे दाढ काढून घरी झोपलो होतो. बायको म्हणते, त्या बाईंचे पाय धरून या."

ती उभी होती तशीच खुर्चीवर बसली. सोडायच्या आधीच. म्हणजे त्या सकाळी कुठल्यातरी गावात बायका वर बघत होत्या आणि काही पडलं नाही. कदाचित आईच. याचा आनंद व्हायला हवा होता, तिने तो शोधला, मिळाला नाही. सक्तीने भरती केलेला कुणाचातरी मुलगा तिच्या एका वाक्याने त्या खुर्चीत जाऊन बसला होता, आणि ज्याला बसायचं होतं तो इथे तिच्या पायाशी होता, जिवंत, पाणावलेला, कृतज्ञ. "आता जखम भरली ना?" तो विचारत होता. "उद्यापासून परत जायचंय."

तिने त्याला खुर्चीत बसवलं. टाके काढले. जखम छान भरली होती. कात्री ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि म्हणाली, "तुझी दाढ वाचली असती."

"काय?"

"भरता आली असती. एका दुपारचं काम. मी मुद्दाम उपटली. तुला उडता येऊ नये म्हणून खोटं बोलले."

"सयामा," मा केथी म्हणाली. "सयामा, नको."

त्याची जीभ आतून त्या खड्ड्यावर फिरताना दिसली. "का?"

"तनौंगगोन."

"ते काय?"

"गाव आहे. कापड विणत बसलेल्या बायकांवर टाकलंत तुम्ही."

तो विचारात पडला, आणि तो विचार खरा होता, हेच भयंकर होतं. "आम्हाला नावं नसतात, सयामा. नकाशावर आकडे असतात. कुठलं म्हणताय ते खरंच कळत नाही मला."

"मठ आहे. अंगणात दोन चिंचा. शेजारी तळं, तळ्याला उतरायला विटांच्या पायऱ्या."

त्याने डोळे मिटले. एखाद्या दुकानाचा पत्ता आठवावा तसा तो आठवत राहिला, मनापासून, तिला मदत करायला. "दोन चिंचा, तळं..." तो म्हणाला. "तसली पुष्कळ आहेत."

 मग तो उठला, चपला घातल्या, दारापाशी जाऊन काळा चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुमची माणसं तिकडे आहेत, कळलं मला. हे बघा, मुद्दाम असो की कसंही, तुमच्यामुळे मी आज आहे. तेव्हा मी काही ऐकलं नाही. तुम्ही काही बोलला नाहीत." आणि मोठ्या मनाने, जाता जाता, "एक दाढ गेली तर गेली. बत्तीस असतात."

तो तिला माफ करून गेला. ते समजायला तिला दोन श्वास लागले. माफ. यिन मोन अनवाणीच रस्त्यावर धावली. तो मोटरसायकलला किल्ली लावत होता.

"मी बोलले!" ती ओरडली. "ऐकलंस तू! मी बोलले!"

चहाच्या दुकानातल्या बुटक्या स्टुलांवरची डोकी वळली आणि लगेच पुन्हा कपांकडे वळली. खबरे कोण हे सगळ्यांना माहीत होतं, दोघे तिथेच बसले होते. मोटरसायकल निघाली. तिने आत्याचं पूर्ण नाव घेतलं, दॉ ओन क्यिंग, तनौंगगोन, मग तिला माहीत होती तेवढी बाकीची नावं, मागावर त्या संध्याकाळी बसलेल्या एकेकीचं नाव, घशाच्या शिरा ताणून, रस्त्याच्या मधोमध. औषधवाल्याने शटर खाली ओढलं. सरबतवाली आपल्या बरण्या आवरू लागली. कुणीतरी म्हणालं, "सयामा, आत जा हो, आमच्यासाठी तरी." ती त्याच्याकडे वळली आणि तीच नावं त्याला ऐकवली. तो मान खाली घालून उभा राहिला, पण गेला नाही.

मा केथीने तिला दंडाला धरून आत ओढलं, दाराला कडी घातली.  "आता इथे थांबता यायचं नाही. रात्र पडायच्या आत निघा. आधी मी मुलींना घेऊन बहिणीकडे जाते. तुम्ही कुठे जाल?"

"आईकडे."

"तिकडे? काय करणार तिकडे? वीज नाही, खुर्ची नाही."

"तिकडच्या लोकांना दात नाहीत का?" यिन मोन कपाटातून हत्यारं काढून टॉवेलात गुंडाळत होती, पक्कडी, आरसे, भुलीच्या होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या. टेबलावरचा लोणच्याचा डबा तिने उचलून कचऱ्यात टाकला, मग कचऱ्याची बादलीच लाथेने भिंतीवर उडवली. कॅलेंडर खाली पडलं.

मा केथी तिच्याजवळ आली, तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं असावं की आता ही कोसळेल. "रडून घ्या सयामा थोडं. बरं वाटेल."

"मला बरं वाटून घ्यायचं नाहीये," यिन मोन म्हणाली, आणि टॉवेलाची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.